पुनरारंभाचे चक्र : संगणकाच्या एका दोषाचा इतिहास आणि नसरापूर येथील एक उदाहरण

१. प्रास्ताविक

संगणकाच्या दुरुस्तीसारखा विषय विभागाच्या संशोधन पत्रिकेत यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. तथापि ज्या दोषाचा विचार येथे करावयाचा आहे, त्याने आपल्या अभ्यासाच्या साधनांवरच घाला घातला होता. आणि त्याचा उलगडा करीत असता असे दिसून आले की, या दोषाला स्वतःचा असा एक इतिहास आहे. तो इतिहास यंत्राचा आहे, तितकाच यंत्र आणि माणूस यांच्यातील कामाच्या वाटणीचाही आहे. त्याची स्थूल रूपरेषा मांडणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

नसरापूर हे भोर तालुक्यातील गाव पुणे–सातारा रस्त्यालगत, पुण्यापासून सुमारे पस्तीस किलोमीटरांवर आहे. चेलाडी फाट्यावरून निघून मार्गासनीमार्गे वेल्ह्याकडे जाणारा रस्ता या गावावरूनच जातो. वेल्ह्याच्या खोऱ्यातील बोलीचे नमुने गोळा करणाऱ्यास मुक्कामासाठी हे गाव सोयीचे पडते. येथील एका खोलीत ठेवलेल्या लॅपटॉपवर राब, खाचर, चिखलणी यांसारख्या भातशेतीच्या शब्दांची आणि त्यांच्या अनुषंगाने निघालेल्या गप्पांची ध्वनिमुद्रणे साठविलेली होती. ज्यांचे बोलणे त्यांत आहे, त्यांपैकी दोन वृद्ध वक्ते आता हयात नाहीत. शेवटच्या दोन फेऱ्यांतील मुद्रणांची दुसरी प्रत काढावयाची राहून गेली होती. हा दोष सर्वस्वी प्रस्तुत लेखकाचा. पावसाळ्यातील एका संध्याकाळी विंडोजचा अपडेट चालू असता वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी क्षीण झालेली असल्याने यंत्र मध्येच बंद पडले. वीज आल्यावर ते सुरू केले, तेव्हा अपडेटचे काम काही टक्क्यांपर्यंत जाई, ते पूर्ण करता येत नसल्याने बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश पडद्यावर येई, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि तेच रहाटगाडगे पहिल्यापासून फिरू लागे.

परिभाषेविषयी दोन शब्द. ‘अपडेट’ हा शब्द आता बाजारपेठेतही रूढ असल्याने तो तसाच ठेवला आहे. ‘रीस्टार्ट’साठी ‘पुनरारंभ’ हा शब्द योजला आहे, कारण त्या क्रियेचा काळाशी असलेला संबंध त्यातून अधिक स्पष्ट होतो. मराठीत या संबंधाचे दोन निरनिराळे शब्द आहेत. ‘पुन्हा’ हा शब्द केवळ आवृत्ती दाखवितो. ‘परत’ हा आवृत्तीही दाखवितो आणि मागे फिरणेही दाखवितो. ‘परत सांग’ म्हणजे आणखी एकदा सांग. ‘परत आला’ म्हणजे जेथून निघाला होता तेथे आला. बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. यंत्राच्या बाबतीत मात्र त्यांतील भेद फार महत्त्वाचा ठरतो. पुनरारंभाच्या चक्रात सापडलेले यंत्र पुन्हा सुरू होत असते, पण परत जात नसते. या दोषाचे निदान आणि उपाय दोन्ही या एका वाक्यात सामावले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

२. आरंभ ही क्रिया

संगणक सुरू होणे ही आज इतकी सहज गोष्ट झाली आहे की, तिच्यात काही अडचण असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु आरंभीच्या काळात ती एक तात्त्विक अडचणच होती. यंत्र जे काही करते ते स्मृतीत असलेल्या आज्ञावलीनुसार करते. आणि आज्ञावली स्मृतीत आणून ठेवावयाची तर त्यासाठी आधी एक आज्ञावली स्मृतीत असावयास हवी. या पेचाला इंग्रजीत जे नाव पडले ते एका जुन्या अमेरिकन म्हणीवरून. स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलण्याची अशक्य गोष्ट त्या म्हणीत आहे. ‘बूट होणे’ हा आजचा शब्दप्रयोग त्याच ‘बूटस्ट्रॅप’चा संक्षेप होय.

१९५३ साली बाहेर पडलेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर यासाठी एक स्वतंत्र बटण होते. ते दाबले की छिद्रित कार्ड, चुंबकीय फीत किंवा ड्रम यांवरून पहिला शब्द स्मृतीत येई आणि पुढील आज्ञा आणण्याची वाट मोकळी होई. १९६५ च्या पीडीपी-८ या यंत्रात ही पहिली आज्ञावली चालकाला पुढच्या फळीवरील खटक्यांच्या साहाय्याने स्वतःच्या हाताने भरता येत असे. भारतापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला संगणक १९६० मध्ये कामास लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे ते यंत्र होते. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. अशा यंत्राच्या शेजारी ज्याला त्याचे अंतरंग ठाऊक आहे असा माणूस असणे, ही त्या काळी यंत्राच्या रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट होती. यंत्र अडले तर ते अडूनच राही. पुढे काय करावयाचे, हे माणूस ठरवी.

या व्यवस्थेत पुनरारंभाचे चक्र संभवतच नव्हते. चक्रासाठी दोन गोष्टी लागतात : एक, आरंभ आपोआप होणे, आणि दोन, ज्या आज्ञेमुळे यंत्र अडते ती आज्ञा बंद-चालू करूनही टिकून राहणे. पहिली गोष्ट कायम स्मृतीत कोरलेल्या आरंभ-आज्ञावलीमुळे आली. १९८१ च्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात विजेचे बटण दाबताच यंत्र स्वतःची तपासणी करून डिस्ककडे वळे, आणि चालकाने त्यात काही करावयाचे उरत नसे. दुसरी गोष्ट डिस्कमुळे आली. डिस्कवर लिहिलेले जसे टिकते, तसे चुकीचे लिहिलेलेही टिकते.

३. पुनरारंभाचे गुण

पुनरारंभ हा मुळात दोष नव्हे; तो एक उपाय आहे, आणि पुष्कळदा तो उत्तम उपाय असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चंद्रावरचे आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असता त्याच्या संगणकावर कामाचा अतिरिक्त भार पडला आणि त्याने अनेक वेळा धोक्याची सूचना दिली. प्रत्येक वेळी तो स्वतः पुन्हा सुरू झाला. हातातील बिनमहत्त्वाची कामे त्याने टाकून दिली आणि यान उतरविण्याचे अत्यावश्यक काम जेथे होते तेथून पुढे चालू ठेवले. टाकून काय द्यावयाचे आणि राखावयाचे काय, हे त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. त्यामुळे तो पुनरारंभ निष्फळ आवृत्ती ठरला नाही.

या अनुभवाला शास्त्रीय रूप जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ साली टॅन्डम कंपनीत असता लिहिलेल्या एका निबंधात दिले. संगणक का थांबतात, हा त्या निबंधाचा विषय. ग्रे यांनी दोषांचे दोन वर्ग मानले आणि त्यांना भौतिकशास्त्रातील बोर व हायझेनबर्ग यांच्या नावांवरून नावे दिली. पहिल्या वर्गातील दोष ठाम असतो. तीच परिस्थिती आली की तो हटकून प्रकट होतो. दुसऱ्या वर्गातील दोष निसटता असतो. अनेक गोष्टींच्या क्षणिक योगातून तो उद्भवतो आणि शोधावयास जावे तो नाहीसा होतो. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत ‘नित्य’ आणि ‘नैमित्तिक’ असा जो भेद करतात, त्याच शब्दांत या दोन वर्गांना आपण नित्य दोष व नैमित्तिक दोष म्हणू. पुनरारंभाने नैमित्तिक दोष जातो, कारण तो योग पुन्हा जुळून येत नाही. ‘बंद करून चालू कर’ हा जो सल्ला आपण एकमेकांस देतो, त्याचे यश या वर्गातील दोषांच्या बाहुल्यावर अवलंबून आहे. नित्य दोष मात्र पुनरारंभाने जात नाही. तो दर वेळी त्याच जागी भेटतो. नित्य दोषावर नैमित्तिक दोषाचा उपाय यंत्र आपोआप करीत राहिले, म्हणजे त्याला पुनरारंभाचे चक्र म्हणावयाचे.

४. अपडेट आणि चक्र : २००३ ते २०२२

घरोघरच्या संगणकांचा विचार केला तर या चक्राचा पहिला मोठा सार्वत्रिक अनुभव अपडेट केल्यामुळे नव्हे, तर न केल्यामुळे आला. मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी विंडोजमधील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. ती ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या यंत्रांत ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या नावाचा कीटक शिरला. त्याच्या आघाताने विंडोजमधील एक मूलभूत सेवा कोसळे, साठ सेकंदांची मुदत पडद्यावर दिसे आणि यंत्र पुन्हा सुरू होई. इंटरनेटशी जोडलेले राहिले तर पुन्हा आघात. जोडणी तोडली तर दुरुस्ती उतरवून घेता येत नाही. आणि जोडणी ठेवून दुरुस्ती घ्यावी तर मुदत साठ सेकंदांची. या पेचाचा परिणाम धोरणावर झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून सुरू केली, आणि त्या आपोआप उतरवून घेण्याचा आग्रह वर्षागणिक वाढत गेला. २०१५ च्या विंडोज १० मध्ये तर घरगुती वापरकर्त्याची संमती जवळजवळ गृहीतच धरली गेली.

आग्रहामागील हेतू योग्य होता. पण त्यामुळे चुकीची आज्ञा एकाच दिवशी असंख्य यंत्रांत पोचण्याची वाटही तयार झाली. फेब्रुवारी २००८ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या काही यंत्रांत अपडेटच्या तिसऱ्या टप्प्यावर चक्र सुरू झाले. ज्या अपडेटमुळे हे घडले, तो अपडेट बसविणाऱ्या यंत्रणेचाच अपडेट होता. सुताराने आपल्याच पायाखालची फळी कापावी, तसा तो प्रकार होता.

२०१० सालची दोन उदाहरणे निदानाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहेत. त्या वर्षीच्या ९ फेब्रुवारीच्या अपडेटनंतर अनेक यंत्रे सुरू होईनात. दोष अपडेटवर आला. ते साहजिकच होते. पण तपासाअंती असे निष्पन्न झाले की, अडलेल्या यंत्रांत ‘अल्युरिऑन’ नावाची एक उपद्रवी आज्ञावली आधीच दडून बसली होती. विंडोजच्या गाभ्यातील ठरावीक ठिकाणे तिने पत्ता पाठ करावा तशी धरून ठेवली होती. अपडेटमुळे ती ठिकाणे हलली आणि तिचा हात नको तेथे पडला. त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनीच काही दिवसांत तिच्यात सुधारणा केली, हा या कथेतील विनोद होय. दुसरे उदाहरण २१ एप्रिल २०१० चे. मॅकॅफी या विषाणुरोधक आज्ञावलीच्या त्या दिवशीच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली, आणि ज्या यंत्रांचे रक्षण करावयाचे तीच पुनरारंभाच्या चक्रात सापडली. पहिल्या उदाहरणात संशयित निर्दोष निघाला. दुसऱ्यात रक्षकच दोषी निघाला. जो बदल शेवटी झाला तोच कारण, असे मानण्याकडे आपला कल असतो. पण काळाचा अनुक्रम म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असलेला नियम येथेही लागू पडतो.

११ जानेवारी २०२२ च्या अपडेटने संस्थांमधील मुख्य सर्व्हरांपैकी काही चक्रात अडकले. सहा दिवसांनी मायक्रोसॉफ्टला वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्ती काढावी लागली. तोपर्यंत हे प्रकार तज्ज्ञांच्या वर्तुळापुरते राहिले होते. सर्वसामान्य प्रवाशाला त्याचा अनुभव यावयाचा होता.

५. १९ जुलै २०२४

त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या आज्ञावलीसाठी २९१ क्रमांकाची एक माहिती-फाइल प्रसृत केली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. या अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ती ज्या विंडोज यंत्रांत पोचली, त्यांची संख्या मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख होती. एकूण विंडोज यंत्रांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. परंतु ही यंत्रे विमानकंपन्या, बँका, रुग्णालये यांची होती. मुंबई व पुणे येथील विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लांबल्या, नोंदणीचे काम हाताने करावे लागले, आणि देशातील काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून देण्यात आली. इंडिगोची दोनशेच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी केलेल्या निवेदनानुसार दहा बँका व बँकेतर वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आले.

कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेला कारणांचा तपास वाचण्यासारखा आहे. एका विशिष्ट तपासणीसाठी एकवीस रकाने ठरविलेले होते. प्रत्यक्ष आज्ञावली मात्र वीसच रकाने पुरवीत होती. आधीच्या माहिती-फाइलींत एकविसाव्या रकान्याला ‘काहीही चालेल’ अशी मोकळीक असल्याने ही तफावत दडून राहिली. त्या दिवशीच्या फाइलने एकविसाव्या रकान्यातील मूल्य प्रथमच मागितले. आज्ञावलीने स्मृतीच्या हद्दीबाहेर हात घातला आणि विंडोज कोसळले. फाल्कनचा हा भाग संरक्षणाच्या हेतूने विंडोजच्या गाभ्यात, आरंभाच्या अगदी सुरुवातीलाच चालू होतो. म्हणून यंत्र पुन्हा सुरू होताच तीच फाइल पुन्हा वाचली जाई. नित्य दोषाचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण.

उपाय शब्दांत सांगावयास सोपा होता. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर न्यावयाचे, क्राउडस्ट्राइकच्या कप्प्यातील ‘सी-०००००२९१’ अशा नावाने सुरू होणारी फाइल पुसावयाची आणि यंत्र सुरू करावयाचे. पण अडलेले यंत्र दुरून आज्ञा स्वीकारण्याइतका वेळ जागे राहत नसे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसालाच यंत्रापाशी जावे लागले. मायक्रोसॉफ्टने आपल्या दूरस्थ यंत्रांच्या ग्राहकांना असेही सांगितले की, काहींना वारंवार, पंधरा वेळांपर्यंत, पुनरारंभ करून यश आले आहे. वरवर हा सल्ला हास्यास्पद वाटतो; पण त्यात तर्क आहे. यंत्र कोसळण्यापूर्वीच्या क्षणात जाळ्याशी संपर्क साधून सुधारलेली फाइल मिळविता आली, तर चक्र तुटते. प्रत्येक आवृत्ती ही एक शर्यत होती आणि त्यांपैकी एखादी जिंकण्याची शक्यता होती. म्हणजे नित्य दोषाला नैमित्तिक करण्याचाच तो प्रयत्न होता.

‘ट्रबलशूटर’ हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत तार व टेलिफोन यांच्या वाहिन्यांतील बिघाड शोधणाऱ्या कामगारांस लावीत. तारेवरून संदेश जाईना, म्हणजे तारेच्या कडेकडेने माणूस जाई. २०२४ मध्येही अखेर तेच करावे लागले.

६. दुसरे दार आणि त्याचे कुलूप

येथवरच्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. यंत्र जेथे अडते, त्याच्या अलीकडून आत शिरण्यासाठी एक दुसरे दार असावे लागते. विंडोज ९५ पासून मिळणारा ‘सेफ मोड’ हे असे दार होते. आरंभीच एफ-८ ही कळ दाबली की ते उघडे आणि यंत्र अगदी आवश्यक तेवढ्या आज्ञावलींसह सुरू होई. विंडोज व्हिस्टाने एक छोटी, स्वतंत्र दुरुस्ती-प्रणाली दिली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आरंभ इतका वेगवान झाला की, एफ-८ दाबावयास माणसाला वेळच उरला नाही, आणि ती सोय नेहमीच्या मांडणीतून गेली. तिच्या जागी यंत्र आपल्या अपयशांची स्वतःच मोजदाद करू लागले : लागोपाठ दोन आरंभ फसले की पुढच्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो.

ज्या व्हिस्टाने ही दुरुस्ती-प्रणाली दिली, त्याच व्हिस्टाने ‘बिटलॉकर’ नावाचे कुलूपही आणले. चोरीस गेलेल्या यंत्रातील माहिती कोणाला वाचता येऊ नये, म्हणून सर्व डिस्क सांकेतिक रूपात ठेवावयाची, आणि नेहमीच्या वाटेने आत न येणाऱ्याकडून अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागावयाची, अशी ही योजना. तिच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. पण दुरुस्तीचे दार ही आडवाटच असल्यामुळे यंत्राचा मालक आणि चोर या दोघांस ती सारखेच अडविते. २०२४ च्या जुलैत अनेक संस्थांचे तास या किल्ल्या शोधण्यात गेले. काही ठिकाणी किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तो सर्व्हरही चक्रात होता.

त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती-प्रणालीलाच जाळ्यावरून उपाय मिळविता यावा, अशी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती विंडोज ११ मध्ये आणली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरच्या अपडेटने मात्र दुरुस्ती-प्रणालीत यूएसबीचे कळफलक व माउस चालेनासे केले. दार दिसे, पण कडी हाताला लागत नसे. जुन्या गोल खोबणीचे कळफलक तेवढे चालत होते. सहा दिवसांत दुरुस्ती आली. मोबाइलच्या क्षेत्रात २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून याहून मुळाशी जाणारा एक मार्ग उपलब्ध झाला : कार्यप्रणालीच्या दोन प्रती ठेवावयाच्या, अपडेट नेहमी न वापरातल्या प्रतीवर करावयाचा, आणि नवी प्रत सुरू होईना तर जुनीकडे जावयाचे. ‘परत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ही रचना पुरे करते.

७. नसरापूर येथील यंत्र

आता मूळ उदाहरणाकडे वळू. पहिले काम म्हणजे चक्र खरोखरच चक्र आहे की नाही, हे ठरविणे. मोठा अपडेट स्वतःहूनच दोन-तीन वेळा पुनरारंभ करतो, आणि घाईने वीज तोडल्यास नसलेला दोष निर्माण होतो. म्हणून घड्याळ समोर ठेवून तीन फेऱ्या पाहिल्या. प्रत्येक फेरीत यंत्र एकाच टक्क्यावर येऊन मागे फिरत होते. दोष नित्य वर्गातील आहे, याचा हा पुरावा होता. म्हणजे नुसती वाट पाहून उपयोग नव्हता.

त्यानंतर प्रिंटर, माउस, बाहेरची डिस्क हे सर्व काढले. फरक पडला नाही. मग आरंभ होताच विजेचे बटण दाबून धरून यंत्र दोनदा बंद केले. तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा आला आणि त्याने किल्ली मागितली. हे यंत्र प्रथम ज्याने मांडले, तो माजी विद्यार्थी आता परगावी नोकरीस आहे. सांकेतिक रूप विंडोजने आपोआप दिले होते आणि किल्ली त्याच्या खात्यात जाऊन बसली होती. ती आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तशी ती असावी, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

त्याने दूरध्वनीवरून अठ्ठेचाळीस आकडे वाचून दाखविले. भाषेच्या अभ्यासकाला यातही पाहण्यासारखे होते. त्याने आरंभी सवयीने दोन-दोन आकड्यांच्या जोड्या मराठीत वाचल्या आणि एकोणसाठ व एकोणसत्तर यांत घोटाळा झाला. मराठीतील ‘एकोण’ची पद्धत पुढच्या दशकाचे नाव घेते, मागचे नव्हे. मग इंग्रजी सुटे आकडे वाचले, तेव्हा ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांनी तोच घोळ केला. शेवटी ‘पाच’ आणि ‘नऊ’ असे सुटे मराठी आकडे घेतले. त्यांत एकही जोडी कानाला सारखी लागत नव्हती. किल्लीचे सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला अकराने निःशेष भाग जातो. त्यामुळे चुकलेला गट यंत्र तेथल्या तेथे नाकारते. ही योजना करणाऱ्याला माणसाच्या उच्चाराचा आणि श्रवणाचा चांगला अनुभव असला पाहिजे.

दार उघडल्यावर दुरुस्तीस हात घातला नाही. आधी ध्वनिमुद्रणे ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या साहाय्याने बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. हा क्रम उलटा करण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. त्यानंतर शेवटचा अपडेट काढून टाकण्याचा पर्याय वापरला. तो अयशस्वी ठरला. कारण अपडेट अर्धवट बसलेला होता. आणि जो पुरता बसलाच नाही, तो काढावयाचा कसा? प्रत्येक आरंभी यंत्र अपूर्ण कामांची एक यादी वाचीत होते आणि ती पुरी करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत होते. अडचण त्या यादीत होती. ती प्रलंबित कामे रद्द करण्याची आज्ञा ‘डिझम’ या साधनात आहे. ती दिली, काही मिनिटे गेली, आणि त्यानंतरच्या पुनरारंभात नेहमीचा पडदा दिसला. तोच अपडेट दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बॅटरीची सोय करून घेतला. तो विनासायास बसला. अपडेट निर्दोष होता. दोष वीज जाण्याच्या क्षणाचा होता. नैमित्तिक कारणाने जन्मलेला, पण डिस्कवर लिहिला गेल्यामुळे नित्य झालेला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. पुनरारंभाचे चक्र हे यंत्राच्या बेशिस्तीचे फळ नसून त्याच्या आज्ञाधारकतेचे फळ आहे. टिकून राहिलेली एक आज्ञा ते दर वेळी निष्ठेने पाळते. आरंभातून माणूस वगळला गेला तेव्हा हा दोष संभवनीय झाला, आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगी तो तोडण्यास माणसालाच यंत्रापाशी बोलावणे भाग पडले. उपाय काळागणिक बदललेला दिसला, तरी त्याचे स्वरूप एकच आहे : अडणाऱ्या आज्ञेच्या अलीकडे जावयाचे आणि ती आज्ञा मागे घ्यावयाची. अलीकडे जाण्याचे दार सुरक्षिततेसाठी कुलूपबंद झाल्यापासून दुरुस्तीचा प्रश्न जितका तंत्राचा, तितकाच किल्ली कोणाकडे आहे याचा झाला आहे. नसरापूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कारण तेथे यंत्र असते एकाच्या हाती, खाते असते दुसऱ्याच्या नावे, आणि पडद्यावरील सूचना असतात तिसऱ्याच भाषेत. ‘संगणक बंद करू नका’ हे निषेधाचे वाक्य किती वेळ पाळावयाचे, हे त्या सूचनेत कोठेही सांगितलेले नसते. तेवढा निर्णय वाचणाऱ्यावरच सोपविलेला असतो.

विभागाच्या क्षेत्रकार्याच्या नोंदवहीत आता प्रत्येक यंत्राची किल्ली शाईने लिहून ठेवण्याची प्रथा सुरू केली आहे, आणि त्या वहीची एक प्रत यंत्रापासून दूर ठेवली आहे. ध्वनिमुद्रणांच्या दोन प्रती दोन ठिकाणी आहेत. त्या दोन वृद्ध वक्त्यांपैकी एकाने चिखलणीविषयी बोलत असता मध्येच थांबून मुद्रकाला विचारले आहे की, हे सगळे तुमच्या त्या यंत्रात राहणार ना? मुद्रणात त्याला ‘हो’ असे उत्तर दिलेले ऐकू येते.